शाहीर अण्णा भाऊ साठे : गाणे आणि काळ

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याने मराठी शाहिरीला दोन मोठे शाहीर दिले. एक रेठरे हरणाक्ष या गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण कुळात जन्मूनही ते तमाशाच्या फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव या नावाने गाजले. दुसरे वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ साठे. दोघांच्या वयात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर होते. दोघांनीही मुंबईवर लावणी रचली आणि दोन्ही लावण्या लोकांच्या तोंडी बसल्या.

या दोन लावण्या शेजारी ठेवल्या, की काळ कसा पालटला ते लक्षात येते. बापूरावांची मुंबई ही गावाकडून आलेल्या माणसाने डोळे विस्फारून पाहिलेली नगरी आहे. तिची श्रीमंती, तिचा थाट आणि तिची झगमग पाहून त्यांना रावणाची सोन्याची लंका आठवते. अण्णा भाऊंची मुंबई मात्र दोन मजल्यांची आहे. वरच्या मजल्यावर मलबार हिल आहे, तेथे कुबेर राहतात. खालच्या मजल्यावर परळ आहे. तेथे घाम गाळणारी माणसे मिळेल ते खाऊन दिवस काढतात. बापूरावांचा श्रोता मुंबई पाहायला आलेला होता. अण्णा भाऊंचा श्रोता मुंबईत राबत होता. श्रोता बदलला आणि त्याच्याबरोबर लावणीही बदलली.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मांग समाजात झाला. वडिलांचे नाव भाऊराव, आईचे वालूबाई. त्या काळी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. या कायद्यामुळे कित्येक जातीजमातींच्या माणसांवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का बसत असे. गुन्हा केलेला असो वा नसो, त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. मांग समाजालाही या कायद्याची झळ पोहोचली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. पुढे 'फकिरा' या कादंबरीत अण्णा भाऊंनी या अपमानाचे आणि त्याविरुद्धच्या बंडाचे चित्र रेखाटले.

त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे. शाळेत जातीवरून मिळालेली वागणूक त्यांना सहन झाली नाही आणि ते परत शाळेत गेले नाहीत. गावाकडे जगणे कठीण झाले, तेव्हा साठे कुटुंब मुंबईच्या वाटेला लागले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून हा प्रवास पायी झाला. वाटेत मिळेल ते काम करावे, चार दिवस थांबावे आणि पुढे चालू लागावे, असा तो प्रवास होता. १९३० नंतरच्या त्या वर्षांत जगभर मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते. वाटेगावातून निघालेल्या त्या मुलाला हे कारण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला ठाऊक होती ती भूक.

मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, कोळसा वेचला, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीतही काम केले. अक्षरओळख झाली ती रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पत्रके, चित्रपटांच्या जाहिराती हीच त्यांची पुस्तके होती. कामगारांच्या सभा आणि संप यांतून ते साम्यवादी चळवळीकडे ओढले गेले. काही काळ ते गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात राहिले. ढोलकी, तुणतुणे आणि हलगी ही त्यांची दुसरी शाळा ठरली, आणि ही शाळा मात्र त्यांनी सोडली नाही. पुन्हा मुंबईला आले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या : तमाशाने दिलेला बाज आणि कामगार वस्तीने दिलेला विषय.

पोवाडा हा मराठीतील जुना प्रकार आहे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने शिवकाळातच पोवाडा रचला होता. पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा यांनी पोवाडा आणि लावणी गाजवली. १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. अण्णा भाऊ याच वाटेने पुढे गेले. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. रशियातील व्होल्गा नदीकाठच्या त्या शहरात हिटलरच्या फौजांचा पराभव होऊन फार दिवस झाले नव्हते. वाळव्याच्या बोलीत, ढोलकीच्या ठेक्यावर, जगाच्या दुसऱ्या टोकाची लढाई मुंबईच्या कामगारांपुढे उभी राहिली. ज्यांनी नकाशा कधी पाहिला नव्हता, तेही त्या शहराचे नाव घेऊ लागले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तीन शाहिरांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. अमर शेख हे बार्शीचे. त्यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. त्यांचा आवाज पहाडी होता, ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचणारा. ज्या काळात रेडिओ थोड्या घरांत होता आणि ध्वनिमुद्रिका चाळीतल्या माणसाच्या खिशाला परवडत नव्हती, त्या काळात गाणे गाजायचे ते आवाजावर आणि पाठांतरावर. कार्यक्रम ऐकून माणूस खोलीवर जाई, शेजाऱ्याला चार ओळी म्हणून दाखवी, सुट्टीत गावी गेल्यावर तेथे म्हणे. पोवाड्यांच्या छोट्या पुस्तिकाही हातोहात फिरत. असा तो गाण्याचा प्रसार होता.

या शाहिरांच्या मागे एक देशव्यापी चळवळ उभी होती. एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष हिंदी-उर्दूचे थोर कथाकार प्रेमचंद हे होते. साहित्याने राजवाड्यातून बाहेर यावे, राबणाऱ्या माणसाकडे पाहावे, हा विचार तेथून देशभर पसरला. १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघ म्हणजे 'इप्टा' स्थापन झाला. बलराज साहनींसारखे अभिनेते, पंजाब-बंगालचे गायक आणि परळचे शाहीर या संस्थेमुळे एका मांडवात आले. लखनौच्या सभागृहात मांडलेला विचार परळच्या मैदानात ढोलकीवर ऐकू येऊ लागला.

त्या वर्षांत जे जे घडले, त्याची नोंद अण्णा भाऊंच्या गाण्यात आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर त्यांनी रचना केली. युद्धकाळात धान्य आणि कापड काळ्या बाजारात गेले, त्यावर पोवाडा झाला. अंमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, तेथे बळी पडलेल्यांवर पोवाडा झाला. फाळणीच्या वेळी पंजाब आणि दिल्ली रक्ताने माखली, त्यावरही पोवाडा झाला. इतिहासाच्या पुस्तकात या घटना तारखांसह मिळतात. त्या ऐकून सामान्य माणसाच्या पोटात काय कालवले, हे मात्र या पोवाड्यांतूनच कळते.

तमाशाचा साचाही त्यांनी बदलला. तमाशाची सुरुवात गणाने होते. गणात गणपतीला वंदन असते. नंतर गौळण येते, तीत कृष्ण, पेंद्या आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात. अण्णा भाऊंनी गणात मातृभूमीला, शिवरायांना, हुतात्म्यांना वंदन केले आणि गौळण वगळली. मग सरळ वगाला हात घातला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही त्यांच्या वगनाट्यांची नावेच बोलकी आहेत. खेड्यातला सावकार आणि शहरातला काळाबाजारवाला यांना लोक या नाटकांत हसत आणि हसता हसता ओळखत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली; कलापथकाच्या कार्यक्रमांनाही बंदीचा फटका बसला. तेव्हा तमाशा हे नाव बाजूला ठेवून 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले. नाव सभ्य झाले, पण ढोलकी तीच राहिली.

अण्णा भाऊंचे सर्वांत गाजलेले गाणे मात्र पोवाडा नव्हे. ती एक छक्कड आहे. छक्कड हा लावणीचाच एक प्रकार. लहान लहान तुकड्यांची रांग लागते, यमकामागून यमक येते, गाणारा दम न घेता पुढे धावतो आणि मग धृपदावर येऊन थांबतो. ही छक्कड 'माझी मैना' या नावाने महाराष्ट्राला माहीत आहे. मैना म्हणजे येथे पक्षी नव्हे. गावी राहिलेल्या बायकोला नवऱ्याने दिलेले ते लाडके नाव आहे.

गाण्याची कथा साधी आहे. गरिबीमुळे तरुण नवऱ्याला मुंबईची वाट धरावी लागते. पहाटेची वेळ आहे. भाकरी फडक्यात बांधली आहे. बायको त्याला गावाच्या वेशीपर्यंत घालवायला येते आणि तिचा चेहरा उतरतो. तिला हसवण्यासाठी तो दागिन्यांची वचने देतो. तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ अशी यादी लांबत जाते, पण ती काही हसत नाही. खिशात गाडीभाड्यापुरतेही पैसे नसलेला माणूस एवढ्या सोन्याची बोली करतो, यातला विनोद आणि यातले दुःख श्रोत्यांना सांगावे लागत नसे. समोर बसलेल्यांतल्या कित्येकांनी तीच वचने दिलेली होती.

या ओळखीचे कारण गिरणीच्या रचनेत होते. मुंबईतील कापड गिरण्यांमध्ये नोकरी म्हणजे कायमची नोकरी असे नसे. पुष्कळ कामगार 'बदली' असत. भोंगा झाला की गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्या दिवसापुरते काम मिळायचे, नाही तर परतायचे. अशा मिळकतीत बायकापोरांना मुंबईत आणणे बहुतेकांना शक्य नव्हते. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळ्यांप्रमाणे झोपत. जेवण खानावळवालीकडे असे. शिलकीचे पैसे मनीऑर्डरने गावी जात. कोकणातल्या आणि घाटावरच्या असंख्य घरांत बाई शेत राखून होती आणि पुरुष मुंबईत होता. अण्णा भाऊंची मैना ही कोणा एकाची बायको नव्हती.

हे दुःख केवळ मराठी मुलखाचे नव्हते. परळ-लालबागच्या चाळींत संयुक्त प्रांतातून, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही राहत. त्यांच्या गावांत विरहाची गाणी गाणाऱ्या स्त्रियांनी नवऱ्याला दूर नेणाऱ्या आगगाडीला सवतीप्रमाणे दूषणे दिली आहेत. बिहारचे लोकनाटककार भिखारी ठाकूर यांचे 'बिदेसिया' हे नाटक कमाईसाठी कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याच्या आणि मागे राहिलेल्या बायकोच्या कथेवर उभे आहे. कलकत्ता असो वा मुंबई, गिरणीच्या धुराखाली गाणे सारखेच उमलले. एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. उत्तरेकडील त्या गाण्यांत बाई बोलते. अण्णा भाऊंच्या छक्कडीत नवरा बोलतो आणि मैना गप्प असते. तिची बाजू ऐकायची असेल, तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते.

मुंबईत पोहोचल्यावर छक्कडीचा वेग वाढतो. बेकारांची गर्दी, त्या गर्दीत आणखी एकाची भर. त्या गर्दीच्या शेजारीच हडसन मोटारी, नायलॉन आणि जॉर्जेटच्या तलम साड्या, माड्यांवर माड्या. १९५० नंतरच्या दशकात श्रीमंतीची खूण काय होती, हे एखाद्या संग्रहालयात शोधावे लागेल. या गाण्यात ते सहज सापडते. कामाच्या मागे धावणाऱ्या त्या माणसाजवळ पावसात छत्रीसुद्धा नाही. याच सुमारास मुंबईच्या चित्रपटांनाही या माणसाची ओळख पटली होती. 'दो बिघा जमीन' हा चित्रपट १९५३ चा, 'श्री ४२०' हा १९५५ चा. दोन्हींत नायक गाव सोडून मोठ्या शहरात येतो. १९५६ च्या 'सी. आय. डी.' या चित्रपटासाठी सुलतानपूरकडचे कवी मजरूह यांनी मुंबईवर लिहिलेले गाणे आजही गुणगुणले जाते. त्यात ट्राम आहे, मोटार आहे, गिरणीही आहे. ते गाणे शहराची खट्याळ थट्टा करते आणि तेथेच थांबते. अण्णा भाऊ थांबत नाहीत.

कारण याच काळात महाराष्ट्रात एक मोठे आंदोलन पेटले होते. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, ही मागणी जोर धरत होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि त्यात ती मागणी मान्य झाली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, तेव्हा शहर पुन्हा उसळले. या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत कामगार पुष्कळ होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे यांची भाषणे ऐकायला लोक लोटत. सभांमध्ये शाहिरांची गाणी होत, आणि केवळ शाहिरांसाठी येणारे श्रोतेही थोडे नव्हते.

अशा श्रोत्यांपुढे ती छक्कड शेवटी एक वळण घेते. गावी राहिलेल्या मैनेची आणि आपली जशी भेट होत नाही, तशीच गत तुटलेल्या महाराष्ट्राची झाली आहे, असे शाहीर सांगतो. मग बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव ही नावे येतात. तोवर आपल्या बायकोच्या आठवणीने डोळे पुसणारा कामगार एकाएकी नकाशाकडे पाहू लागतो. भाषावार प्रांतरचना हा विद्वानांचा आणि आयोगांचा विषय होता. अण्णा भाऊंनी तो वेशीवर उभ्या असलेल्या एका बाईच्या चेहऱ्यात आणून ठेवला. एवढे मोठे राजकारण इतक्या घरगुती शब्दांत मराठीत क्वचितच मांडले गेले असेल.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. गोवा १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला आणि पुढे स्वतंत्र राज्य झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातमध्ये गेले. बेळगाव, निपाणी, कारवार आधीच म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेले होते. त्या भागासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. म्हणून सीमाभागातील मराठी माणसाला छक्कडीचा शेवट जुना वाटत नाही.

राज्य मिळाले, तरी शाहिराचे दिवस पालटले नाहीत. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली आणि तेथेच विपुल लेखन केले. तिसाहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णन एवढे लेखन दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने केले. 'फकिरा' १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. पृथ्वी ही शेषनागाच्या मस्तकावर नसून दलित, कष्टकरी माणसांच्या तळहातावर तरलेली आहे, हा विचार त्यांनी तेथे मांडला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. ज्या देशातल्या एका शहराचा पोवाडा त्यांनी तो देश न पाहता रचला होता, तो देश त्यांनी अठरा वर्षांनी पाहिला.

त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 'वैजयंता' १९६१ मध्ये, 'फकिरा' १९६३ मध्ये पडद्यावर आला. पैसा मात्र त्यांच्या घरी फारसा थांबला नाही. जुने सोबती पांगले, चळवळ ओसरली, आजार आणि एकाकीपणा वाढला. शेवटची वर्षे गोरेगावात गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, त्यांचे निधन झाले. दीड महिनाही झाला नव्हता, तोच २९ ऑगस्ट १९६९ रोजी अमर शेख अपघातात गेले.

गाणे मागे उरले. पुढे शाहीर विठ्ठल उमप यांच्या आवाजात ते नव्या पिढीने ऐकले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, कामगार गावी परतले किंवा उपनगरांपलीकडे फेकले गेले आणि गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. भोंगा काय असतो, हे तेथे राहणाऱ्या मुलांना विचारून समजून घ्यावे लागते. भारतीय टपाल खात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी अण्णा भाऊंचे तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परकीय साहित्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. वाटेगावात, चिरागनगरात आणि सीमाभागातील सभांमध्ये मात्र शाहीर डफावर थाप मारतो आणि लोक त्याच्याआधीच धृपद उचलतात.